भूमितीत मशीन लर्निंग वापरायचंय? मग आधी हे बघ

अरे, पहिल्याच झटक्यात मोठं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम) ट्रेन करायला बसू नकोस. आपल्याला नुसतं उत्तर नकोय, ते उत्तर का येतंय हे हवंय, आणि बरेच नवीन लोक अ‍ॅक्युरसी चांगली आली की तिथेच थांबतात, ते बघून खरंच वाईट वाटतं.

गाठींचंच घे ना, म्हणजे गणितातल्या, दोन्ही टोकं जोडलेल्या दोऱ्याच्या गाठी. 2021 मधे गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीच्या टीमने गणितज्ञ मार्क लॅकनबी आणि आंद्राश युहास यांच्यासोबत गाठीचे हायपरबोलिक इन्व्हेरियंट (गाठीभोवतीच्या जागेच्या वक्र भूमितीतून येणारे, गाठ ओढली-वाकवली तरी न बदलणारे आकडे) इनपुटला दिले आणि नेटवर्कला सिग्नेचर (गाठीचा वेगळ्याच रीतीने निघणारा एक पूर्णांक) ओळखायला लावली, ती बऱ्यापैकी जमली पण खरं काम त्यानंतरचं, कुठला इनपुट हलवला की उत्तर जास्त हलतं हे ग्रेडियंट काढून बघितलं तर ढिगातून तीनच आकडे वर आले, तिन्ही कस्पच्या, म्हणजे त्या जागेतल्या गाठीलगतच्या भागाच्या, भूमितीचे. त्यावरून नॅचरल स्लोप नावाची नवीन राशी सुचली, सिग्नेचर साधारण तिच्या निम्मी येते. पहिला अंदाज मात्र मुद्दाम रचलेल्या गाठींवर फेल गेला, मग इंजेक्टिव्हिटी रेडियस (ती जागा किती अरुंद होते याचं माप) आत घेतली तेव्हा कुठे सिद्धता मिळाली.

म्हणून रँडम डेटावर भरवसा ठेवू नको, विचित्र उदाहरणं स्वतः शोधून टेस्टमधे टाक. हायपरबोलिक आकडे काढायला स्नॅपी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नेटवर्क छोटंच ठेव, आणि ग्रेडियंटमधे जे वर येईल ते आधी कागदावर दोन-चार सोप्या गाठींसाठी हाताने पडताळून बघ, मग गाइडकडे जा.