अंगणातली हिरवळ आणि १२ टक्क्यांचं कर्ज

ताई, नमस्कार.

जुळे सोलापुरातल्या घरासमोरच्या ६०० चौरस फूट अंगणासाठी तुम्हाला ३ लाखांचं कोटेशन आलंय. त्यात लॉन, भिंतीवर व्हर्टिकल गार्डन, पांढरे गोटे, पाम आणि दिवे आहेत. शेजाऱ्यांनी हेच केलंय आणि ते छान दिसतं. पर्सनल लोन १२ टक्क्यांनी मिळतंय, पुढच्या वर्षी मुलाची इंजिनिअरिंगची फी सुरू होतेय. ‘घराची किंमत तरी वाढेल ना?’ असं तुम्ही विचारलंय.

तिथूनच सुरुवात करतो. बँकेचा व्हॅल्युअर जागा आणि बांधकाम मोजतो, हिरवळ नाही. गिऱ्हाइकाला दारातच घर आवडेल, हा फायदा खरा; पण तुम्ही घर विकायला कुठे काढलंय?

३ लाख, ३ वर्षं, १२ टक्के म्हणजे महिना जवळजवळ १० हजारांचा हप्ता आणि एकूण ५८ हजारांच्या वर व्याज. फीचे हप्ते आणि हे हप्ते एकाच पगारातून जाणार.

पण मला जास्त काळजी पाण्याची वाटते. उन्हाळ्यात लॉनला रोज ६ मिलिमीटर पाणी धरा. आपल्या मे महिन्यात हा आकडा कमीच आहे. ६०० चौरस फुटांना रोज सव्वातीनशे लिटरहून जास्त लागतं. तुमची बोअर मार्चमध्ये आटते, नळाला रोज पाणी नाही. म्हणजे ५ हजार लिटरचा टँकर पंधरवड्याला एक, नुसत्या गवतासाठी! शिवाय माळी. हा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो.

व्हर्टिकल गार्डनचं तर मी नावच खोडेन. इवल्याशा कुंड्या आपल्या उन्हात दिवसभरात कोरड्या पडतात आणि बोअरच्या क्षारांनी ठिबकची तोंडं बुजतात. प्लॅस्टिकचं गवत घ्यावं का, हाही विचार मनात असेल. दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून बघा.

फॅशनमधलं सगळंच टाकाऊ नाही. इथली झाडं, ठिबक, पालापाचोळ्याचं आच्छादन, पाणी मुरू देणारी फरसबंदी हेही हल्ली चालतंय आणि ते आपल्या हवेला मानवतं. पश्चिमेला भिंतीपासून लांब एक कडुनिंब लावला, तर काही वर्षांत संध्याकाळच्या खोल्यांना सावली मिळेल. शेवगा, कढीपत्ता आणि डाळिंब स्वयंपाकघराच्या बाजूला लावा. गच्चीचं पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ९ हजार लिटरहून जास्त पाणी होतं. माझ्या मते कोटेशनमध्ये नसलेली हीच सगळ्यात फायद्याची वस्तू.

म्हणून लोन नको, एफडीही मोडू नका. सहा महिन्यांचा घरखर्च आणि पहिल्या वर्षाची फी बाजूला ठेवून जे उरेल, त्यातले ६०-७० हजार यंदा घाला. दिवे, बाक, हौसेच्या कुंड्या दिवाळीच्या बोनसमधून. हौस असावीच, माझ्याही गॅलरीत न फुलणारा मोगरा आहे.

कंत्राटदाराला एक नक्की विचारा: फरशीखाली मुरमाची भर किती? आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भर कमी असली तर दुसऱ्याच वर्षी फरशा हलतील. आणि रोपं आत्ता एप्रिलमध्ये अजिबात लावू नका. दोन चांगले पाऊस होऊ द्या. तोवर कोटेशन बाबवार फोडून मागा आणि मला पाठवा.