साइटवर 'हो साहेब' ऐकलंस तर लगेच पुढे जाऊ नकोस

वाकडच्या साइटवर क्वालिटीला लागलास, अभिनंदन. जपानी क्लायंटची चेकलिस्ट आपल्याकडे का चालत नाही, हे विचारलंस ते बरं केलंस.

देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारे संशोधक हॉफस्टेड यांच्या मोजणीत अधिकाराच्या अंतरात, म्हणजे वरच्या-खालच्यातलं अंतर लोक किती मान्य करतात त्यात, भारत ७७, जपान ५४. अनिश्चितता टाळण्यात, म्हणजे सगळं नियमाने आधीच पक्कं करण्याच्या ओढीत, भारत ४०, जपान ९२. हे सरासरीचे आकडे आहेत, त्यावरून समोरच्या माणसाला तोलू नकोस. पण साइटवर त्यांचा अर्थ दिसतो: चूक दिसली तरी खालचा माणूस वरच्याला सांगत नाही.

सळई साच्याला टेकू नये म्हणून मध्ये ठेवतात ते छोटे ठोकळे म्हणजे कव्हर ब्लॉक. माझ्या पहिल्या स्लॅबला मुकादमाला विचारलं, "कव्हर ब्लॉक लावलेत ना?" "हो साहेब." वाकून पाहिलं तर बीमची खालची सळई थेट शटरिंगवर (साच्यावर) टेकलेली. तो खोटारडा नव्हता. साहेबाला 'नाही' म्हणायची त्याला सवयच नव्हती.

सुरुवातीला एवढंच कर:

- 'झालं का?' विचारू नकोस, 'दाखवा' म्हण. टेप खिशात हवाच.
- चूक सांगणाऱ्या फिटरचं (सळई बांधणाऱ्याचं) चारचौघांत नाव घेऊन कौतुक कर. ओरडायचंच असेल तर बाजूला नेऊन.
- ट्रान्झिट मिक्सरमध्ये (काँक्रीट आणणाऱ्या गाडीत) कोणी पाणी मारायला लागलं तर थांबव, त्याने काँक्रीट कमजोर होतं, मग तो कितीही मोठा साहेब असो. क्यूबचा, म्हणजे ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा, निकाल २८ दिवसांनी येतो, तोवर वर दोन स्लॅब चढलेले असतात.

नवे लोक हमखास चुकतात ते पोअर कार्डवर (काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर) ऑफिसात बसून सह्या करण्यात. आयएसओ, ऑडिट वगैरे सहा महिन्यांनी बघू. उद्या सळई बांधताना तिथे उभा राहा.