जर्मनीत ज्यू माणसांनाच ‘ज्यूद्वेष्टे’ ठरवून गप्प करतात हे खरं आहे का? आणि तिथं शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यानं या विषयावर बोलावं का?

पहिल्याचं उत्तर हो, खरं आहे. दुसऱ्याकडे येते, पण आधी माझ्या दारातली गोष्ट सांगते कारण तुमचा प्रश्न वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये.

मी मूळची अलिबागची, २०१३ पासून बर्लिनमध्ये. शोनेबर्गमध्ये राहतो आम्ही, बायरिशेस फिअर्टल म्हणतात तो भाग. नाझी येण्याआधी इथं पुष्कळ ज्यू घरं होती, आइनस्टाइनसुद्धा इथंच राहायचे. आता रस्त्यातल्या दिव्यांच्या खांबांवर पाट्या आहेत, १९९३ साली लावलेल्या, एकूण ८०. एका बाजूला साधं चित्र, पाव, मांजर असं काहीतरी, आणि दुसऱ्या बाजूला त्या काळचा कायदा: ज्यूंनी दुपारी चार ते पाच या वेळेतच खाण्याचे जिन्नस घ्यायचे, ज्यूंनी घरात प्राणी पाळायचे नाहीत. माझा मुलगा जर्मन वाचायला शिकला तो या पाट्यांवर.

आमच्या इमारतीच्या दारात फुटपाथमध्ये दोन स्टॉल्परश्टाइन आहेत, नाझींनी नेलेल्या माणसांच्या आठवणीचे दगड. दहा बाय दहा सेंटीमीटरचा दगड, वर पितळेचा पत्रा आणि त्यावर कोरलेलं: इथं राहत होते, नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठं मारलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात, हैफात जन्मलेल्या, आता ऐंशी पार. हे दोन दगड त्यांच्या आजीआजोबांचे. आई १९३९ मध्ये निसटली, आजीआजोबा राहिले आणि १९४२ मध्ये त्यांना बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनवरून लॅटव्हियातल्या रीगाला नेलं. माझा मुलगा त्यांना सफ्ता म्हणतो, हिब्रूत आजी. दरवर्षी ९ नोव्हेंबरला, म्हणजे १९३८ मध्ये नाझींनी सिनेगॉग, ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली त्या तारखेला, बर्लिनमध्ये लोक हे दगड घासतात. लोक स्पंज आणि इथलं कसलंसं क्रीम आणतात. मी पहिल्या वर्षी घरून पितांबरी आणि जुना टूथब्रश घेऊन गेले, देवाची पितळी भांडी घासतो तसं अक्षरांच्या खाचांतून गोल गोल घासलं, आणि काळा पडलेला पत्रा असा पिवळाधमक निघाला की सफ्ता खाली बसून बघतच राहिल्या. तेव्हापासून आई दर पार्सलमध्ये पितांबरीची दोन पाकिटं जास्तीची टाकते.

अलिबाग म्हटल्यावर सफ्तांनी मला तासभर प्रश्न विचारले होते. आमच्याकडे इस्राएल आळी आहे, कोकणातल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांची, तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली, आडनावं आमच्यासारखीच ‘कर’ लावलेली, घरात मराठी. शेजारच्या मावशींकडचा मलिदा मी लहानपणी ओंजळीनं खाल्लाय, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं. त्यातले बहुतेक नंतर इस्रायलला गेले. आमच्यासाठी ज्यू म्हणजे शेजारचं माणूस होतं, त्यात कोणी गोड, कोणी तापट, एकाच घरात दोन भाऊ दोन पक्षांचे. जर्मनीत ज्यू म्हणजे आधी एक प्रतीक आणि मग जमलं तर माणूस, हे मला इथं येऊन कळलं.

तर २०२३. दगड घासायला येणाऱ्या आम्हा शेजाऱ्यांचा एक छोटा गट आहे, जवळच्या एका सांस्कृतिक केंद्रात आम्ही दरवर्षी ९ नोव्हेंबरची संध्याकाळ करतो. त्या वर्षी सफ्ता पत्रं वाचणार होत्या. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनीतून पॅलेस्टाइनला साधं टपाल जात नव्हतं, रेडक्रॉसच्या फॉर्मवर फक्त २५ शब्द लिहिता यायचे आणि उत्तर यायला कित्येक महिने. आजीआजोबांनी सफ्तांच्या आईला पाठवलेले असे सात निरोप आहेत. पंचवीस शब्दांत काय लिहिणार? एकात आजीनं नुसतं विचारलंय की तुझा खोकला गेला का.

७ ऑक्टोबरला हमासनं इस्रायलवर जो हल्ला केला त्यानंतर सफ्ता चार दिवस खाली उतरल्या नव्हत्या, त्यांच्या भाचीच्या ओळखीतलं कुणीतरी गेलं होतं त्यात. पण गाझावर बॉम्ब पडायला लागल्यावर त्या एका चौकात इतर काही ज्यू लोकांबरोबर पाटी धरून उभ्या राहिल्या, युद्ध थांबवा म्हणून. तो फोटो कोणीतरी केंद्राला पाठवला. मग मीटिंग. सात जण होतो, सातातला एकही ज्यू नाही, आणि जिच्याबद्दल बोलायचं तिला बोलावलेलंच नाही. केंद्राचा माणूस म्हणाला की आमच्याकडे ज्यूद्वेषाला जागा नाही, आमचा पैसा सरकारी आहे, सध्या वेळ बरोबर नाही. त्याचा आवाज कापत होता, खोटं कशाला बोलू. हात वर करायला सांगितलं. चार जण त्यांना न बोलावण्याच्या बाजूनं, दोन विरुद्ध. मी कुठंच हात वर केला नाही.

का नाही केला ते सांगते. त्याच उन्हाळ्यात मी नागरिकत्वाचा अर्ज टाकला होता. आणि आदल्या दिवशी आमच्या मराठी मंडळींतल्या एका दादांना विचारलं होतं, वीस वर्षं झाली त्यांना इथं, सगळ्यांना मदत करतात. ते म्हणाले, वहिनी, आपण भाडेकरू, घरमालकांच्या भांडणात भाडेकरूनं तोंड घालायचं नसतं.

९ नोव्हेंबरला दुपारी चारला सफ्ता खाली आल्या, पाऊस भुरभुरत होता, आणि दगडांपाशी उभं राहून त्यांनी ते सात निरोप वाचले. मी, माझा मुलगा, इमारतीचा केअरटेकर आणि एक सायकलवरून जाणारी मुलगी जी थांबली. साडेचारला अंधार झाला, मुलानं मोबाइलचा टॉर्च धरला. वाचून झाल्यावर त्यांनी कागद परत प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि मला एवढंच विचारलं, तू होतीस ना त्या मीटिंगला? मी हो म्हटलं. त्या वर गेल्या. संध्याकाळी केंद्रात व्हायोलिन वाजलं, भाषण झालं, मी गेले नाही.

आता तुम्ही म्हणाल ही एका गल्लीतली गोष्ट. मोठ्या नावांचं बघा. त्याच महिन्यात सारब्र्युकेनच्या म्युझियमनं कँडिस ब्राइट्झ या ज्यू व्हिडिओ कलाकाराचं प्रदर्शन त्यांच्या गाझाबद्दलच्या बोलण्यावरून रद्द केलं, त्यांनी हमासचा निषेध केलेला होता, आणि प्रदर्शनाचा विषय केपटाऊनमधल्या वेश्या होता, इस्रायलचा त्यात संबंधच नव्हता. डिसेंबरमध्ये माशा गेसन या ज्यू लेखकाला ज्यू तत्त्वज्ञ हाना आरेंटच्या नावाचा पुरस्कार होता, त्यांनी गाझाची तुलना नाझींच्या घेट्टोशी, ज्यूंना कोंडायच्या वस्तीशी, केली म्हणून ब्रेमेन शहर आणि हाइनरिख ब्यॉल फाउंडेशन यांनी समारंभातून अंग काढून घेतलं, शेवटी छोट्या जागेत उरकला. ‘युडिशे श्टिमे’ म्हणजे शांततेची मागणी करणारी ज्यूंचीच संघटना, मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या बँकेनं त्यांचं खातं गोठवलं. जर्मनीत ज्यूंचं खातं गोठवलं, हे वाक्य परत वाचा. आणि एप्रिल २०२५ मध्ये बुखेनवाल्ड या नाझी छळछावणीच्या मुक्ततेला ८० वर्षं झाली त्या कार्यक्रमात ओम्री बोएम बोलणार होते, इस्रायली तत्त्वज्ञ, आपल्याच सरकारवर टीका करणारे, आजी होलोकॉस्टमधून म्हणजे नाझींच्या ज्यू हत्याकांडातून वाचलेली. इस्रायली दूतावासानं दबाव आणला आणि भाषण बाजूला पडलं.

आपल्या माणसाला पण याची झळ लागलीय. मुंबईचे कवी रणजित होसकोटे कासेल शहरातल्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या निवड समितीत होते. २०१९ मध्ये मुंबईत इस्रायली वाणिज्य दूतावासाच्या सहभागानं झायोनिझमचे जनक हर्झल आणि सावरकर यांच्यावर कार्यक्रम झाला होता, त्याच्या निषेधाच्या पत्रकावर यांची सही होती. ती २०२३ मध्ये उकरून काढली, त्यांच्यावर ज्यूद्वेषाचा ठपका आला, त्यांनी राजीनामा दिला. ज्यांचे गुरू निसिम इझिकेल, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल घरातले, त्यांच्यावर! त्या माणसाला मुंबईत कोण ओळखतं, काय लिहितो, हे कासेलला कोणी बघितलंच नसणार असं मला वाटतं.

हे होतं कसं, तर कायद्यानं नाही. घटनेच्या कलम ५ नं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे आणि ते कोर्टात टिकतं सुद्धा. मे २०१९ मध्ये बुंडेस्टागनं, म्हणजे जर्मन संसदेनं, ठराव केला की इस्रायलवर बहिष्काराची मागणी करणाऱ्या चळवळीला सरकारी जागा आणि पैसा देऊ नये. तो बंधनकारक नाही. म्युनिक शहरानं अशाच कारणानं हॉल नाकारला होता, तर जानेवारी २०२२ मध्ये लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टानं सांगितलं की नाकारता येणार नाही. पण इथं नाटक, म्युझियम, विद्यापीठ सगळं सरकारी पैशावर चालतं, त्यामुळे मॅनेजर कोर्टाची वाट बघत नाही, आधीच घाबरून दार लावून घेतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बुंडेस्टागनं आणखी एक ठराव केला, तो तर ज्यू जीवनाचं रक्षण असं नाव देऊन. सफ्ता म्हणाल्या, माझं रक्षण करताय तर मला विचारा तरी.

दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर माझं उत्तर अर्धवट होईल. ज्यूद्वेष इथं खराखुरा आहे आणि वाढलाय. २०१९ मध्ये हाले शहरात योम किप्पूरच्या, ज्यूंच्या सगळ्यात पवित्र, दिवशी बंदूकधारी सिनेगॉगवर आला, लाकडी दार टिकलं म्हणून आतले वाचले, बाहेर दोघं मेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनच्या ब्रुनेनश्ट्रासेच्या सिनेगॉगवर पेट्रोल बॉम्ब टाकले. पोलिसांनी त्या एका वर्षात ५१६४ ज्यूद्वेषी गुन्हे नोंदवले. ज्यू शाळेबाहेर चोवीस तास पोलीस असतो. आणि सफ्तांसारखं बोलणारे ज्यू इथल्या ज्यूंमध्ये थोडे आहेत, बहुतेकांचं मत ज्यू केंद्रीय परिषदेच्या, म्हणजे जर्मनीतल्या ज्यूंच्या मुख्य संघटनेच्या, जवळचं असतं, त्यांची भीती खोटी नाही, घराबाहेर टोपी झाकणाऱ्या पोराला जाऊन विचारा. पण म्हणून थोड्यांना गप्प बसवायचं? आणि ते कोणी, तर ज्यांच्या आजोबांनी ते सगळं केलं त्यांच्या नातवंडांनी? खरा ज्यू कोण हे जर्मन माणसानं ठरवू नये, एवढं साधं आहे हे, ज्याला पटत नाही त्याच्याशी मी वाद घालायला तयार आहे.

तर तुमचा दुसरा प्रश्न. बोला. फक्त कायदा माहीत करून घ्या: होलोकॉस्ट नाकारणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तो असायलाच हवा. ‘नदीपासून समुद्रापर्यंत’ ही घोषणा गृहमंत्रालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये हमासची खूण म्हणून बंदीत घातली, कोर्टांचे निकाल दोन्ही बाजूंनी येतात, विद्यार्थी व्हिसावर ती प्रयोग करून बघू नका. मोर्च्यात कोणाच्या बॅनरखाली उभे आहात ते बघा. नागरिकत्वाच्या परीक्षेत आता इस्रायल आणि ज्यू जीवनावरचे प्रश्न आलेत, ते मनापासून वाचा, पाठ करून पास होण्यापुरते नको.

मला पासपोर्ट मिळाला, २०२४ मध्ये. गणपतीत दादा भेटले आणि म्हणाले, बघा वहिनी, गप्प बसलात म्हणून सगळं सुरळीत झालं. तेव्हा हातात आरतीचं ताट होतं म्हणून बोलले नाही. आता बोलते. माझ्याबरोबर त्या मीटिंगमध्ये एक तुर्की बाई होत्या, त्यांचाही अर्ज चालू होता, त्यांनी विरुद्ध हात वर केला, त्यांनाही पासपोर्ट मिळाला, माझ्याआधी. आणि भाडेकरूचं म्हणाल तर सफ्तांचे आजीआजोबा याच इमारतीत भाडेकरू होते. त्यांना नेलं त्या दिवशी बाकीचे भाडेकरू आपापल्या घरात होते.

सफ्ता माझ्याशी बोलतात आता, आधीसारखं नाही पण बोलतात. केंद्रातला कार्यक्रम आम्ही काही जणांनी सोडला, निरोप दारातच वाचतो. दादा, तुम्ही इथली उत्तरं वाचता हे मला माहीत आहे. ९ नोव्हेंबरला चार वाजता आमच्या दारात या. पितांबरी माझ्याकडे आहे, एक जुना टूथब्रश तेवढा घेऊन या.