‘टेस्टेड गुड’ की ‘टेस्टेड वेल’?

तुमचे मुख्य प्रश्न दोन आहेत. क्रियापदापुढे क्रियाविशेषण येतं असं शिकलात, मग ‘द सूप टेस्टेड’च्या पुढे ‘वेल’ का नाही? आणि ‘शी लुक्ड टायर्ड’मध्ये भूतकाळाचं ‘ईडी’ दोनदा कसं चालतं?

आधी सरळ उत्तरं देतो. सूप ‘टेस्टेड गुड’. आणि ‘टायर्ड’मधलं ‘ईडी’ भूतकाळाचं नाहीच. ‘आय ॲम टायर्ड’ हे वर्तमानकाळातलं वाक्य, तिथेही ते ‘ईडी’ आहेच ना? ‘टायर्ड’ म्हणजे दमलेला, ते सबंध विशेषण आहे. काळ फक्त क्रियापद दाखवतं: लुक्स टायर्ड, लुक्ड टायर्ड, विल लुक टायर्ड. विशेषण जागचं हलत नाही. कर्ता एकवचनी असो की अनेकवचनी, पुरुष असो की बाई, ‘टायर्ड’ ते ‘टायर्ड’च. आपल्याकडे दमलेला, दमलेली, दमलेले असं करावं लागतं, त्या मानाने इंग्रजीत सुख आहे.

आता ‘गुड’ का, ते बघू. शाळेत मराठी व्याकरणात ‘अपूर्ण विधान क्रियापद’ शिकवलेलं आठवतंय? ‘मुलगा आजारी आहे’ मधून ‘आजारी’ काढलं तर विधान लोंबकळतं, म्हणून ‘आजारी’ हे विधानपूरक. इंग्रजीतलं लिंकिंग व्हर्ब म्हणजे तेच. वॉज, वेअर, सीम्ड, बिकेम, लुक्ड, फेल्ट, टेस्टेड, स्मेल्ड, साउंडेड, रिमेन्ड ही क्रियापदं कर्त्याने काय केलं ते सांगत नाहीत, कर्ता कसा होता ते सांगतात. सूपने काही केलेलं नाही, ते बिचारं वाडग्यात पडून आहे.

पण याद्या पाठ करू नका, कारण एकच क्रियापद दोन्हीकडे उभं राहतं. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा:

द कुक टेस्टेड द सूप केअरफुली. इट टेस्टेड सॉल्टी.

पहिल्यात आचाऱ्याने खरोखर चमचा तोंडात घातला. ते काम कसं केलं? काळजीपूर्वक. म्हणून ‘केअरफुली’. दुसऱ्यात सूप खारट होतं, खारटपणे काही करत नव्हतं. तसंच ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला, आणि ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट द लेटर’ म्हणजे पत्राकडे रागाने पाहिलं. शंका आली की क्रियापद काढून ‘वॉज’ घालून वाचा. ‘इट वॉज सॉल्टी’ जमतं, म्हणजे विशेषण बरोबर. ‘ही अपिअर्ड सडनली’चं ‘ही वॉज सडनली’ केलं की वाक्य अर्धवट राहतं, म्हणजे तिथे ‘अपिअर्ड’ हे ‘प्रकट झाला’ या अर्थी आहे आणि क्रियाविशेषणच हवं.

खरा घोळ मात्र आपली मराठी घालते, आणि हे मला फार उशिरा कळलं. ‘ती चांगली दिसली’ आणि ‘ती चांगली गायली’ ही वाक्यं बघा. दोन्हीकडे ‘चांगली’, दोन्हीकडे ते ‘ती’प्रमाणे बदललेलं. तो असता तर चांगला दिसला, चांगला गायला. म्हणजे गाण्याबद्दल बोलत असतानाही आपण शब्दाला कर्त्याचं लिंग लावतो! इंग्रजी इथे दोन वाटा करते: लुक्ड गुड, पण सँग वेल. त्यामुळे मनात मराठी वाक्य ठेवून भाषांतर केलं की निम्म्या वेळा चुकतं. विचारायचं एकच, की हा शब्द माणसाचं वर्णन करतोय की कामाचं.

मराठीचा दुसरा चकवा ‘मला’चा. मला भूक लागली होती, मला भीती वाटली, मला राग आला. आपल्याकडे भूक, भीती, राग ही नामं येतात आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला बसतो. इंग्रजीत त्याच माणसाला कर्ता करून पुढे विशेषण ठेवतात: आय वॉज हंग्री, आय फेल्ट अफ्रेड, आय गॉट अँग्री. खोलीला घाण वास येत होता? ‘द रूम स्मेल्ड अवफुल.’ ‘मला कंटाळा आला होता’चं ‘आय वॉज बोअर्ड’. नोकरीला नवीन असताना मी एका ट्रेनिंगबद्दल ‘आय वॉज बोअरिंग’ असं लिहून पाठवलं होतं. एका सहकाऱ्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, “लोकांनी तशी तक्रार केली का?” बोअरिंग म्हणजे कंटाळा आणणारा, बोअर्ड म्हणजे कंटाळलेला. ट्रेनिंग बोअरिंग होतं, मी बोअर्ड होतो.

‘वॉज’ आणि ‘ईडी’वालं रूप एकत्र आलं की भूतकाळात आणखी एक गंमत होते. ‘द गेट वॉज क्लोज्ड ॲट नाइन’ याचे दोन अर्थ निघतात: नऊला फाटक बंद होतं, किंवा नऊला कोणीतरी ते बंद केलं. संदर्भावरूनच कळतं. ‘ओपन’च्या बाबतीत मात्र इंग्रजीने दोन रूपं ठेवली आहेत. उघडं होतं ते ‘वॉज ओपन’, उघडलं गेलं ते ‘वॉज ओपन्ड’. ‘फाटक उघडं होतं’ला ‘वॉज ओपन्ड’ लिहिणारे मला रोज भेटतात.

‘एलवाय’ दिसला की क्रियाविशेषण, हेही डोक्यातून काढा. फ्रेंडली, लोनली, सिली ही विशेषणं आहेत. ‘शी सीम्ड फ्रेंडली’ अगदी बरोबर. आणि ‘ही लुक्ड टेरिबली टायर्ड’मधलं ‘टेरिबली’ हे ‘टायर्ड’ला चिकटलंय, ‘लुक्ड’ला नाही. ‘वेल’चं उलटं आहे. तब्येतीबद्दल बोलताना तेच विशेषण होतं, म्हणून ‘शी लुक्ड वेल’ म्हणजे तब्येत बरी दिसली, ‘शी लुक्ड गुड’ म्हणजे छान दिसली.

‘झाला’ला कुठलं क्रियापद घ्यायचं हे मात्र कानानेच शिकावं लागतं. रंगाला बहुधा टर्न्ड (द लीव्ज टर्न्ड यलो), बिघडण्याला वेंट (द मिल्क वेंट सावर, ही वेंट ब्लाइंड), हळूहळू होण्याला ग्रू (शी ग्रू ओल्ड). बोलताना ‘गॉट’ बऱ्याच ठिकाणी खपतं, ‘बिकेम’ जरा लेखी वाटतं. आपण आजारी ‘पडतो’ तसे तेही पडतात: ही फेल इल. यात तर्क शोधत बसू नका, आपली पानं पिवळी ‘पडतात’ ती तरी कुठल्या तर्काने?

‘शी लुक्ड लाइक टायर्ड’ लिहू नका. ‘लाइक’पुढे नाम येतं: लुक्ड लाइक अ डॉक्टर. नकारात ‘डिड’ने भूतकाळ उचलला की क्रियापद मूळ रूपात जातं, म्हणून ‘डिडन्ट लुक टायर्ड’.

आणि तुम्ही शेवटी विचारलेलं ‘ही डाइड यंग’. ‘डाइड’ लिंकिंग व्हर्ब नाही, तरी ‘यंग’ बरोबर आहे, कारण तरुण होता तो माणूस. मरण नव्हे.