पाचगणीला कायमचं राहायला जायचंय? आधी हे वाचा (९ वर्षं राहून आलेल्याकडून)

तुम्ही विचारलंय की निवृत्तीनंतर कोथरूडचा फ्लॅट भाड्यानं देऊन पाचगणीला जावं का, छोटी नगरपालिका म्हणजे पुण्यापेक्षा कारभार सोपा असेल ना, आणि एजंट जवळच्या गावातला ५ गुंठ्यांचा प्लॉट दाखवतोय तो घ्यावा का. बायकोची तिथल्या एका शाळेत नोकरी होती म्हणून आम्ही ९ वर्षं तिथे काढली, आता परत वारजे. त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

कारभार सोपा का, तर हो आणि नाही. पुण्यात वॉर्ड ऑफिसात तुम्ही म्हणजे एक टोकन नंबर, तिथे दुसऱ्या खेपेला क्लार्क नावानं हाक मारतो. पण माणसंच मोजकी, ज्या इंजिनिअरकडे तुमची गटार आहे त्याच्याचकडे रस्ता आणि त्याच्याचकडे सीझनची गर्दी, म्हणजे मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत तुमची फाईल हलणारच नाही हे गृहीत धरा. गाव पंधराएक हजार वस्तीचं, पण शनिवार-रविवारी पुण्यामुंबईच्या गाड्यांनी जे काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल (आपणच असतो त्यात). गावात शिरताना दांडेघर नाक्यावर आपण प्रवासी कराची जी पावती फाडतो आणि कटकट म्हणून शिव्या देतो, तसल्या पैशांवर या गिरिस्थान नगरपरिषदा बऱ्याच अंशी चालतात. मला आधी राग यायचा, तिथे राहिल्यावर गेला.

कचऱ्याचं मात्र कौतुकच करीन. ओला-सुका वेगळा नसेल तर घंटागाडीवालीच ऐकवायची, आमच्या हिला एकदा सगळ्या आळीसमोर ऐकवलंन. जिथे आधी कचरा डेपो होता तिथे आता स्वच्छ भारत पॉइंट म्हणून फिरायची जागा केलीये आणि २०१८ च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या वस्तीच्या गावांमधे पश्चिम विभागात पाचगणीचा नंबर लागला होता. उगाच नाही लागला.

आता पाणी. हे नीट वाचा कारण इथेच पुण्याची माणसं फसतात. एवढा पाऊस म्हणजे पाण्याची काय चिंता असं आम्हालाही वाटलेलं. पण वरती जांभा दगड, खाली काळा पाषाण, पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपतं, पाषाणाला अडून बाजूच्या झऱ्यांनी दरीत निघून जातं, खाली धोमच्या धरणात चमकताना दिसतं आणि आपण वर बादल्या मोजत बसतो. पाचगणीला पाणी येतं ते वेण्णा लेकचं, म्हणजे महाबळेश्वरहून, १८४२ साली साताऱ्याच्या महाराजांनी बांधलेला तलाव तो, त्यावर दोन्ही गावं आणि ती सगळी हॉटेलं. एप्रिल संपत आला की पाणी कमी व्हायचंच. आणि पाणीपुरवठा नगरपरिषदेकडे नाही, जीवन प्राधिकरण नावाच्या राज्य सरकारच्या पाणी खात्याकडे, हे मला कळायला चार महिने लागले, तोवर मी चुकीच्या ऑफिसात भांडत होतो. घर बघाल तेव्हा व्ह्यू नंतर बघा, आधी खालची टाकी किती लिटरची ते विचारा.

तुम्ही वहिनींच्या दम्याचं लिहिलंय म्हणून स्पष्ट सांगतो. पाचगणीची हवा चांगली हे खोटं नाही, इंग्रजांच्या काळापासून क्षयाचे पेशंट हवापालटाला तिथे यायचे, उंची जवळपास १३०० मीटर, महाबळेश्वर २० किलोमीटरच्या आत असूनही पाऊस तिथल्या निम्म्याहून कमी. पण ती चांगली हवा ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर धुकं घरात शिरतं, कपाटातल्या चपलांवर, पुस्तकांवर बुरशी, कपडे शेगडीवर वाळवायचे. महाबळेश्वरात तर पावसाआधी घरंदुकानं गवताच्या झड्यांनी झाकून घेतात. दम्याला हे कितपत झेपेल ते डॉक्टरांना विचारा, मला नाही वाटत झेपेल. शिवाय रात्री त्रास झाला आणि मोठं हॉस्पिटल लागलं तर धुक्यात पसरणी घाट उतरून वाई, तिथून सातारा नाहीतर पुणे. आम्ही एकदा उतरलोय, बायको खिडकीतून डोकं बाहेर काढून पांढरी पट्टी बघत होती आणि मी पहिल्या गिअरवर.

प्लॉटचं. एजंट म्हणतो की ग्रामपंचायत हद्दीत आहे म्हणून परवानगीची भानगड नाही. सरळ सरळ थाप आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन (पर्यावरण जपायला बंधनं घातलेला भाग) आहे आणि त्यात नुसती दोन शहरं नाहीत, आजूबाजूची गावंही येतात. बांधकामाची उंची, झाड तोडणं, उतारावर खोदकाम, सगळ्याला नियम आहेत. शेजारी तीन मजली लॉज उभा दिसतो म्हणून आपलंही होईल असं धरू नका, अशा बांधकामांवर हातोडा पडलेला मी डोळ्यानी बघितलाय आणि पडतो तो बहुतेक वेळा छोट्या माणसाच्याच घरावर. त्यात शेतजमीन असेल तर तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागेल, आणि ५ गुंठ्यांच्या तुकड्याची खरेदी होऊन सातबाऱ्यावर नाव लागेल का हे एजंटला नाही, तलाठ्याला विचारा. माझ्या ओळखीतल्या एकाचं नाव सामाईकात सतरा जणांबरोबर आहे, बिचारा कुंपण घालू शकत नाही की विकू शकत नाही.

त्यापेक्षा नगरपरिषद हद्दीतलं जुनं, बांधलेलं घर बघा. मालमत्ता पत्रक, घरपट्टीची पावती, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, एवढं बघायला वाईचा किंवा साताऱ्याचा वकील लावा, पुण्याचा नको, त्याला तिथले झोनचे नकाशे वाचता येत नाहीत. आणि घ्यायच्या आधी जून ते ऑगस्ट तीन महिने भाड्यानं राहून या, त्या काळात भाडी पण पडलेली असतात.

ते सकाळी टेबललँडवर फिरायचं म्हणालात ते मात्र मस्तच, साडेसहाच्या आत जा, नंतर घोडेवाले येतात.