वाचकांचे प्रश्न : कोलकात्यात जेवायचं, पण कुठं आणि कसं?

प्रश्न : डिसेंबरअखेरीस आम्ही चौघं, म्हणजे मी, पत्नी, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सासूबाई, कोलकात्याला चाललो आहोत. चारच दिवस हातात आहेत. मोबाइलवर शोधलं की हॉटेलांची लांबलचक यादी येते आणि प्रत्येक जण 'इथं गेलंच पाहिजे' म्हणतो. आम्ही तिघं मासे खातो, सासूबाई मात्र कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांचे हाल होतील का? आणि तुमच्या लक्षात राहिलेलं एखादं जेवण सांगा, म्हणजे यादी बाजूला ठेवून तिथंच जाऊ.
– एक वाचक, मिरज

उत्तर : सासूबाईंचं आधी सांगते, कारण घोर तुम्हाला त्यांचाच लागलेला दिसतोय.

त्यांची काळजी सोडा. बंगाल म्हणजे मासे हे खरं, पण कांदा-लसणावाचून स्वयंपाक रंगवावा तोही बंगाल्यांनीच. जुन्या घरांतून विधवांना मासा-मटण तर सोडाच, कांदा, लसूण, इतकंच काय मसूरडाळसुद्धा वर्ज्य होती. त्या बायकांनी केळफूल, दुधी, कच्चा फणस आणि डाळीच्या वड्यांवर आयुष्यं काढली आणि असे पदार्थ रचले की आज ते भारी हॉटेलांच्या मेनूकार्डावर मिरवतात. (हे आठवलं की माझा घास जरा घशात अडतो. असो.) सासूबाईंसाठी 'धोकार डालना' मागवा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटायची, आलं, हिंग, जिरं घालून कढईत गोळा होईपर्यंत परतायची, थापून तिरक्या वड्या पाडायच्या, तळायच्या आणि रश्शात सोडायच्या. आपल्या पाटवडी-रश्शाची सख्खी बहीण म्हणा, फक्त हिचा स्वभाव मवाळ. तिखट बेताचं आणि साखर चिमूटभर जास्त. सकाळी नाश्त्याला 'कोराईशुटीर कोचुरी'. ओल्या मटाराचं सारण भरलेली ही पुरी थंडीतच मिळते, तेव्हा तुमचा मुहूर्त उत्तम आहे.

एक सावधगिरी मात्र पाळा. कोबीची भाजी दिसली म्हणून ताटात घेऊ नका, तीत माशाचं डोकं असू शकतं. मुगाच्या डाळीत रोहूचं डोकं घालतात, दुधीत कोळंबी, केळफुलातही कोळंबी. मागवतानाच 'निरामिष?' म्हणून विचारायचं. त्यातही गंमत अशी की कालीपूजेला कांदा-लसणाविना शिजवलेल्या बोकडालासुद्धा तिकडे निरामिषच म्हणतात! तेव्हा पुढे 'माछ ना, मांगशो ना' एवढं जोडलंत की काम झालं.

आता माझं जेवण. पार्क स्ट्रीटवर मी जेवले आहे. गार खोली, पांढरे टेबलक्लॉथ, दारात रांग, सगळं यथासांग. काय खाल्लं ते विचाराल तर आठवावं लागेल. जे लक्षात राहिलं ते कॉलेज स्ट्रीटच्या पोटात, भवानी दत्त लेन नावाच्या बोळात. तिथं 'स्वाधीन भारत हिंदू हॉटेल' आहे. सुभाषबाबू इथं जेवून गेल्याचं अभिमानानं सांगतात. या जातीच्या खाणावळींना कोलकात्यात 'पाइस हॉटेल' म्हणतात. खेड्यापाड्यांतून शिकायला आणि नोकरीला आलेल्या, मेसमध्ये राहणाऱ्या माणसांची ही जेवणाची सोय, एकेकाळी पैशांत हिशेब चाले. थाळी हा प्रकार नाही. प्रत्येक जिन्नस वेगळा मागायचा आणि त्याचे वेगळे पैसे, अगदी केळीच्या पानाचेसुद्धा. बाजारात सकाळी जे आलं तेच दुपारी पानात.

मी बसल्याबसल्या भात, डाळ, भाजी, मासा असं एका दमात सांगून टाकलं. वाढप्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि आणला फक्त भात आणि शुक्तो. आपल्याला ताटात डावी-उजवी बाजू एकदम भरलेली लागते. बंगाली जेवण एकेक करत पुढे सरकतं, आणि सुरुवात कडूनं. शुक्तोत कारलं, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, वांगं आणि उडदाचे सांडगे, वर मोहरीचं वाटण आणि दूध. पहिला घास कडू लागतो, तिसऱ्या घासाला जीभ जागी होते. ते संपल्यावर डाळ आणि वांग्याचे तळलेले काप. मग 'पार्शे', आपल्या बोईच्या कुळातला वीतभर मासा, मोहरीच्या पिवळ्या रश्शात, वर उभी चिरलेली हिरवी मिरची आणि कच्च्या मोहरीतेलाची धार. झणका जिभेला नाही, थेट नाकात. शेजारचे काका (टेबल वाटून घ्यावं लागतं) माझी धांदल बघत होते. त्यांनी हातानंच दाखवलं की आधी पाठीवरचं मांस अंगठ्यानं सोडवायचं, काटा पानाच्या कडेला लावायचा आणि मगच भात कालवायचा. घाई दिसली की मान हलवायचे. शेवटी टोमॅटो, खजूर आणि आंबापोळीची गोड चटणी, तीही चाटून खायची. उठताना वाढप्या पानाकडे एक नजर टाकून सगळे जिन्नस गल्ल्यावरच्या माणसाला खड्या आवाजात म्हणून दाखवतो आणि तिथं बेरीज होते. मी मनातल्या मनात ताडून पाहिली, बरोबर होती.

तेव्हा तुम्हीही दुपारीच जा, साडेबाराच्या आत. उशीर झाला की चांगले मासे संपतात. सासूबाईंना गर्दी आणि बाकडी सोसवत नसतील तर त्या दिवशी त्यांच्यासाठी दुसरीकडे निरामिष जेवण बघा, त्यांच्या जिवाला ताण नको.

आणि डिसेंबरात इलिशचा, म्हणजे आपल्या पाल्याचा, हट्ट धरू नका. तो पावसाळ्यातला मासा, थंडीत पानात येईल तो बहुधा बर्फातला. त्यापेक्षा 'भेटकी पातुरी' घ्या. भेटकी म्हणजे आपला जिताडा. मोहरी-खोबऱ्याचं वाटण लावून केळीच्या पानात बांधलेला, काटे नसलेला तुकडा असतो, तुमचा मुलगा खूश होईल.

प्रश्न : कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा का? आणि तो खायचा की बाजूला काढायचा?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : बाजूला काढलात तर शेजारचा उचलेल! इंग्रजांनी 1856 मध्ये अवध खालसा केल्यावर नवाब वाजिद अली शाह कोलकात्याला आले आणि मटियाबुर्जला राहिले. त्यांच्या खानसाम्यांबरोबर लखनौची बिर्याणी आली. पैशाअभावी मटण कमी पडलं म्हणून बटाटा घातला, असं प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. नवाबांच्या घराण्यातले लोक हे खोडून काढतात, आणि मला त्यांचं पटतं. बटाटा तेव्हा नवलाईची चीज होती, आणि नवाबांचा खर्चाचा हात काही आखडला नव्हता. मसाला बेताचा, तिखट जवळजवळ नाही, वर उकडलेलं अंडं. हैदराबादीची सवय असेल तर पहिल्यांदा फिकी वाटेल. पण बटाटा फोडून पाहा, मटणाचा रस आतपर्यंत मुरलेला असतो.

प्रश्न : कॉफी हाऊसबद्दल फार ऐकलं आहे. जावं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : जावं, पण कॉफीसाठी नव्हे. कॉलेज स्ट्रीटवरच्या जुन्या अल्बर्ट हॉलमधलं उंच छत, भिंतीवर रवींद्रनाथ, फेटेवाले वेटर आणि दोन कपांवर दोन तास चाललेला वाद, हे बघायला जावं. हॉटेल चालवते कामगारांची सहकारी संस्था, त्यामुळे तुम्ही बसून राहिलात म्हणून कुणी डोळे वटारत नाही. काळी कॉफी हवी तर 'इन्फ्युजन' म्हणायचं. खाणं यथातथा. तहान मात्र शिल्लक ठेवा, कारण जवळच कॉलेज स्क्वेअरला 1918 पासूनचं 'पॅरामाउंट' आहे. तिथलं डाब शरबत, म्हणजे शहाळ्याचं पाणी, सरबत आणि तळाला कोवळी मलई. ही कृती आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी दिल्याचं दुकानवाले सांगतात. रसायनशास्त्रज्ञाचं प्रमाण चुकलेलं नाही. रविवार टाळा, कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकांची दुकानं बंद असतात.

प्रश्न : नोलेन गुडाचे संदेश हावड्याहून पुण्यापर्यंत टिकतील का?
– एक वाचिका, चिंचवड

उत्तर : नोलेन गुड म्हणजे थंडीतला खजुरीच्या रसाचा गूळ. त्याचे संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, दोन पाकांचे, नरमपाक आणि कडापाक. नरमपाक तिथंच, दुकानासमोर उभं राहून खायचा. आझाद हिंद एक्स्प्रेसमधला जवळजवळ दीड दिवस त्याला झेपणार नाही. न्यायचा तर कडापाक. दुकानदाराला 'ट्रेननं लांब जायचंय' असं सांगा, तो स्वतःच नरम डबा मागे सारतो. उत्तर कोलकात्यात हेदुआजवळच्या गिरीशचंद्र दे-नकुडचंद्र नंदी यांच्या दुकानात (1844 पासूनचं आहे, बसायला जागा नाही) 'जलभरा' घ्याल तेव्हा पुढे वाकून खा. आत पातळ गूळ असतो. पांढरा कुर्ता घालून जाऊ नका.