बेंचमार्क म्हणजे मैलाचा दगड नव्हे

प्रश्न असा आहे की ब्रिटनमध्ये राहणारा एक भाचा सुट्टीच्या दिवशी डोंगर हिंडत ट्रिग पॉइंट आणि बेंचमार्क, म्हणजे जुन्या मोजणीच्या खुणा, शोधतो, त्याच्या या छंदाला मराठीत काय म्हणावं, आणि बेंचमार्कला 'मैलाचा दगड' म्हटलं तर चालेल का?

दुसरं आधी सांगतो, नाही चालणार. मैलाचा दगड अंतर सांगतो, मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासून किती मैल ते कोरलेले जुने दगड अजून सापडतात ना, तसा. बेंचमार्क सांगतो उंची, समुद्रसपाटीपासूनची. पेपरवाल्यांनी दोन्ही शब्द 'मोठी कामगिरी' याच अर्थी वापरून वापरून पार गुळगुळीत केलेत म्हणून हा घोळ होतो. मूळचा बेंचमार्क बघा कसा असतो: चर्चच्या नाहीतर पुलाच्या भिंतीत एक आडवी खाच आणि तिच्याखाली बाणाची खूण. त्या खाचेत लोखंडी अँगल अडकवायचा, त्यावर मोजणीची पट्टी उभी धरायची आणि उंची वाचायची. तो अँगल म्हणजे 'बेंच'. काम झालं की अँगल काढून नेत, मागे उरली ती खाच, तोच बेंचमार्क. उंची सांगणारी खूण म्हणून मला 'तलखूण' बरा वाटतो, पण बोलताना बेंचमार्कच म्हणा, सगळ्यांना कळतं.

ट्रिग पॉइंट हे वेगळं प्रकरण. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेने 1936 पासून तिथल्या टेकड्यांच्या माथ्यावर काँक्रीटचे, वर निमुळते होत गेलेले खांब उभारले, त्यावर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, बसवून एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्याचे कोन मोजायचे आणि त्रिकोणांचं जाळं विणत देशाचा नकाशा करायचा. आता ते काम उपग्रह करतात, त्यामुळे खांब रिकामे आणि लोक ते मोजत फिरतात, कुणाचे किती झाले वगैरे.

आपल्याकडे हे त्याच्याही कितीतरी आधी झालंय. ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम लॅम्बटनने 1802 साली मद्रासजवळ जी मोजणी सुरू केली तीच पुढे ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे भारताची त्रिकोणमितीय मोजणी, थोडक्यात जीटीएस. हा माणूस 1823 साली आपल्या हिंगणघाटला वारला, तेही मोजणीच्या कामावर असतानाच! जीटीएसच्या डोंगरावरच्या मोजणीच्या ठाण्यांवर दगडात एक वर्तुळ आणि मधोमध टिंब कोरलेलं असतं, बस्स, एवढंच. नागपूरच्या झिरो माइलला तर अंतरंही आहेत आणि 1907 चा जीटीएसचा बेंचमार्कही आहे, म्हणजे मैलाचा दगड आणि बेंचमार्क यातला फरक बघायचा तर तिथेच जावं.

आता छंदाचं नाव. 'सर्वेक्षणचिन्ह अन्वेषण' असलं काही नको, जीभ अडखळते. 'दगडांची शिकार' तर अजिबात नको, इंग्रजीचा वास येतो. ट्रेकवाले सरळ 'सर्व्हेचा दगड' म्हणतात, तेव्हा 'सर्व्हेचे दगड हुडकणं' किंवा जरा नीटनेटकं हवं असेल तर 'मोजणीच्या खुणा धुंडाळणं'. मोजणी हा आपला कचेरीतला रुळलेला शब्द आहे, मोजणीदार, मोजणीचा नकाशा वगैरे.

फक्त 'हद्दीचा दगड' म्हणू नका. तो शेताचा, बांधावरचा, विदर्भात असाल तर धुऱ्यावरचा. तुम्ही गावात जाऊन 'हद्दीचे दगड शोधतोय' म्हणालात तर लोकांना वाटणार कुणीतरी बांध कोरायला माणूस पाठवलाय, आणि भाऊबंदकी चालू असेल तर मग विचारूच नका. चहा मिळायचा तो शिव्या मिळतील.

इकडे शोधायचेच असतील तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे डोंगर-उंची दाखवणाऱ्या नकाशावर, टिंब असलेला त्रिकोण आणि शेजारी उंची दिसली की ते त्रिकोणमितीचं ठाणं, आणि 'बीएम' लिहून पुढे आकडा असेल तर बेंचमार्क.